समोरचा कुठल्या टाइपचा, हे ओळखून भाव पाडता येतो का?

अबोली (धागाकर्ती)

मंडळी, ज्यांना घासाघीस जन्मजात जमते त्यांनी हा धागा वाचून खुशाल हसावं. बाकीच्यांनी मदत करा.

आमच्या ऑफिसात नुकतंच 'डिस्क'चं ट्रेनिंग झालं. चार अक्षरं, चार स्वभाव. डी म्हणजे थेट मुद्द्यावर येणारा, घाईचा, हुकूम सोडणारा. आय म्हणजे बोलका, चारचौघांत खुलणारा. एस म्हणजे सांभाळून घेणारा, वाद नको म्हणणारा. आणि सी म्हणजे काटेकोर, सगळी कागदपत्रं वाचल्याशिवाय सही न करणारा. माझा निकाल एस आला. घरी कोणाला काडीचंही नवल वाटलं नाही.

ट्रेनरबाईंचं म्हणणं असं की सप्लायरशी बोलताना आधी त्याचं अक्षर ओळखा. डी असेल तर पाल्हाळ नको, दोन पर्याय ठेवा आणि निवडू द्या त्याला. आय असेल तर आधी गप्पा, मग आकडा. एसला दमात घेऊ नका, जुने संबंध आठवून द्या. आणि सी असेल तर दुसरीकडचं कोटेशन लेखी पुढे ठेवा.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर सप्लायर नव्हताच, तुळशीबाग होती. क्लिपा-कानातल्यांच्या स्टॉलवरचा पोरगा शंभर टक्के आय. फॅशन स्ट्रीटवर "घ्यायचं असेल तर बोला" म्हणणारा डी. आमचा वाणी एस, म्हणून तर त्याच्याशी भाव करायची मला लाज वाटते. आणि अप्पा बळवंत चौकातले पुस्तकवाले? तिथे बिलावर जे ठरलेलं डिस्काउंट तेवढंच, पुढे तुम्ही कोणीही असा.

पुढच्या दोन महिन्यांत तीन मोठ्या खरेद्या आहेत: नव्या घराचे पडदे, एक स्कूटर आणि भाचीला लग्नात द्यायची सोन्याची कानातली. इथे कोणी खरंच समोरच्याचा स्वभाव ताडून भाव करतं का? का हे सगळं ट्रेनिंगपुरतंच?

तिरकस

ट्रेनिंगपुरतंच.

डिस्कचं मूळ विल्यम मार्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९२८च्या पुस्तकात आहे. याच गृहस्थाने रक्तदाबावरून खोटं पकडायची चाचणी काढली आणि १९४१ साली वंडर वूमन हे पात्र जन्माला घातलं. तिच्या हातातल्या दोराने बांधलं की माणूस खरं बोलतो! प्रश्नावली काही त्याने केलेली नाही, ती नंतर इतरांनी तयार केली. दुसरी लाडकी परीक्षा एमबीटीआय, सोळा प्रकारांची. ती कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या कल्पनांवर बेतली. दोघींपैकी एकीचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं.

आणि "माझा निकाल अगदी बरोबर आला" यावर १९४८चा बर्ट्रम फोररचा प्रयोग ऐका. त्याने ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला निकाल दिला. किती जुळतो, असं विचारल्यावर पाचपैकी सरासरी ४.२६ गुण मिळाले. प्रत्यक्षात सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातली बरीचशी वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती.

आपल्याकडे वात-पित्त-कफ आहे, राशी आहेत, झालंच तर कोकणस्थ-देशस्थ आहे. त्यात आणखी चार अक्षरांची भर कशाला?

चहाबाज

तिरकसराव सी टाइपचे आहेत हे मात्र सिद्ध झालं.

गजकात्री

मी कापडाच्या धंद्यातला, वडिलांपासूनचं दुकान आहे. पेठ विचारू नका, नाहीतर उद्या सगळे या धाग्याची प्रिंट घेऊन दारात याल. (हलके घ्या.)

अबोलीताई, तुम्हाला दुकानदार ओळखायला शिकवलं. अहो, तुम्ही पायरी चढेपर्यंत आम्ही तुम्हाला ओळखून मोकळे झालेले असतो. आणि त्याला अक्षरं लागत नाहीत.

आम्ही काय बघतो ते सांगतो. हातात दुसऱ्या दुकानाची पिशवी आहे का? असली तर माणूस आज पैसे सोडायला निघालाय. किती जण आलेत? जोडीने आले की एकाला आवडतं आणि पैसे दुसऱ्याच्या खिशात असतात. आमचा माणूस बोलतो पैसेवाल्याशी, पण तागा उलगडतो आवडणाऱ्यापुढे. मग कोणीतरी कापडाचं टोक हातात धरतं, थोडं लांब नेतं, मान तिरकी करते आणि हळूच म्हणते, "हॉलच्या त्या भिंतीला कसं दिसेल गं?" संपलं. पडदा तुमच्या घरी लागला. आता तुम्ही कितीही तोंड वाकडं करा, आम्हाला माहीत असतं की तुम्ही परत येणार.

बोलक्या गिऱ्हाइकाचं आणखी सोपं. "पुढच्या गुरुवारी वास्तुशांत आहे हो," हे आम्ही न विचारता सांगतात. म्हणजे शिलाईला वेळ नाही आणि चार दुकानं हिंडायलाही नाही. मग कशाला कमी करू?

"शेवटचं किती?" हा प्रश्न दहापैकी आठ जण पहिल्याच झटक्यात विचारतात. त्याचं उत्तर आम्ही देतो तो शेवटचा भाव नसतो हे वेगळं सांगायला नको. दम देणाऱ्याची भीती वाटत नाही, त्याला वरचे पन्नास सोडले की तो जिंकल्यासारखा जातो. अवघड गिऱ्हाईक वेगळंच असतं. गोड बोलतं, घाईत नसतं, आकडा ऐकून काहीच बोलत नाही, नुसतं ताग्याकडे बघत राहतं. अशा वेळी आमचाच माणूस गडबडून पुढचा आकडा बोलून जातो. मी पोरांना कितीदा सांगितलंय, गप्प बसायला शिका म्हणून.

आता खरी गोष्ट. पडद्यात तुम्ही मीटरच्या भावावर झगडता. आम्ही मीटरमागे वीस-तीस रुपये सोडतो, तुम्ही खूश. पण कापडाशिवाय शिलाई आहे, अस्तर आहे, रिंगा, रॉड, ब्रॅकेट, घरी येऊन फिटिंग. त्याचा भाव कोणी विचारत नाही. सोडलेले पैसे तिथे भरून निघतात. शिवाय कापड किती लागेल हेही आम्हीच सांगतो. चुण्या नीट पडायला रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट कापड लागतं, आणि पन्ना, म्हणजे ताग्याची रुंदी, ४८ इंची का ५४ यावरून हिशेब बदलतो. हे ज्याला माहीत आहे तो एस असो की झेड, त्याच्याशी आम्ही जपून बोलतो.

सकाळच्या भवानीला स्वस्त मिळतं म्हणतात ते अर्धंच खरं. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने पाठवायचं जिवावर येतं एवढंच, खरेदीच्या खाली कोणी देत नाही.

अबोली

गजकात्री, हे वाचून मला घाम फुटला. "भिंतीला कसं दिसेल" हे माझं वाक्य आहे, शब्दन् शब्द!

लिंबूटिंबू

धागा छान आहे, पण एक टोचलं. मॉलमध्ये निमूट कार्ड पुढे करायचं आणि मंडईत मावशींच्या मेथीच्या जुडीवर पाच रुपयांसाठी डोकं लावायचं, वर त्याला शास्त्र म्हणायचं?

सुमनकाकू

लिंबूटिंबू, मंडईबद्दल पूर्ण अनुमोदन. मी जुडीचा भाव करत नाही. कढीपत्ता मात्र मागते, आणि तो द्यायला कोणी नाही म्हणत नाही.

अबोली, सोन्याबद्दल लिहिते, कारण या विषयात माझं वय गेलं. सोन्याचा त्या दिवसाचा भाव दुकानात लावलेला असतो. त्यावर तोंड वाजवू नकोस, तिथे कोणाचंच काही चालत नाही. भाव करायचा तो घडणावळीचा. हिशेबाला सोपं म्हणून ग्रॅमला दहा हजार धर, कानातली सहा ग्रॅमची. सोनं झालं साठ हजारांचं. घडणावळ १५ टक्के लावली तर नऊ हजार, ११ टक्क्यांवर आणलीस तर सहा हजार सहाशे. वरून एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी, म्हणजे तोही थोडा उतरतो. सगळे मिळून २,४७२ रुपये वाचले, आणि त्यासाठी आवाज चढवायला लागला नाही. घडणावळ दागिन्याप्रमाणे बदलते. साध्या बाळ्यांना कमी, बारीक नक्षीकामाला जास्त. म्हणून "या डिझाइनला किती टक्के" असंच विचारायचं. खडे असतील तर त्यांचं वजन वजा करून सोन्याचं वजन बिलावर वेगळं लिहून घे. हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो, तो १ एप्रिल २०२३पासून बंधनकारक आहे. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) ॲपवर टाकून तिथल्या तिथे बघता येतो.

आता तुमचं ते टाइपचं. आमच्याकडे हे लक्ष्मी रोडला बरोबर आले की गादीवर टेकायच्या आधी थंड येतं. ह्यांनी ग्लास तोंडाला लावला की संपलं, मग "एवढं सरबत पाजलं त्यांनी, आता न घेता कसं उठायचं" असं घरी जाईपर्यंत पुटपुटणार. मी सरबत पिते, चांगलं झालंय म्हणते, आणि शांतपणे उठते. म्हणून सोन्याला मी एकटी जाते आणि हे बाहेर गाडीपाशी थांबतात. फर्निचरला उलट. तिथे मला पहिलंच आवडतं, म्हणून हे बोलतात, मी घरी बसते. आमच्या घरात एवढीच काय ती डिस्क.

हिशेबी

काकूंनी जे सरबतावर सांगितलं त्यावर रीतसर संशोधन आहे. तिरकसरावांनी डिस्क झोडपलं ते ठीक, पण स्वभावाचा सौद्यावर परिणाम होत नाही असं नाही. मानसशास्त्रात जास्त मान्य असलेली मांडणी पाच गुणांची आहे, आणि त्यात माणूस अमुक डब्यात बसतो असं नसतं, प्रत्येक गुण कमी-जास्त असतो.

ब्रूस बॅरी आणि रेमंड फ्रीडमन यांनी १९९८मध्ये हेच तपासलं. एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा, अशा निव्वळ किमतीच्या सौद्यात सौम्य, मिळतंजुळतं घेणाऱ्या माणसांचं आणि बोलक्या माणसांचंही नुकसान झालं. कारण समोरच्याने पहिला आकडा टाकला की ती त्याच्याकडे ओढली जातात. पण एक गंमत सापडली. ज्यांनी आधीच मनाशी चढं लक्ष्य ठरवलं होतं त्यांच्यात हा तोटा बराच कमी झाला. आणि जिथे दोघांचाही फायदा काढता येतो अशा सौद्यात स्वभावाने फारसा फरक पडला नाही, डोकं किती चालतं याने पडला.

पहिल्या आकड्याची ओढ किती असते ते ट्वर्स्की आणि कानेमान यांनी १९७४मध्ये दाखवलं. आकड्यांचं चक्र फिरवलं, ते मुद्दाम १० किंवा ६५वरच थांबेल असं केलेलं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? ज्यांना १० दिसला त्यांचा मध्यक अंदाज २५, ज्यांना ६५ दिसला त्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काही संबंध नाही हे माहीत असून! मग "ताई, साडेआठशेचा आहे, तुम्हाला म्हणून सहाशे" यात साडेआठशेचं काम काय असतं ते बघा.

म्हणजे अबोलीताईंनी दुकानदाराचं अक्षर शोधत बसू नये. स्वतःचं एस आहे ना, ते धरावं. घरून आकडा कागदावर लिहून न्यावा आणि तो न्यायचा म्हणजे दुकानात बदलायचा नाही.

तिरकस

हिशेबी, हे मान्य. पण मग डिस्क कशाला? "मी भिडस्त आहे" हे अबोलीताईंना ट्रेनिंगच्या आधीही माहीत होतं.

हिशेबी

होतं. पण ऑफिसने पैसे भरून सांगितलं की माणूस मनावर घेतो.

चहाबाज

आमच्या गल्लीतला रद्दीवाला कुठल्या अक्षरात बसतो? काटा त्याचा, भावही त्याचाच, आणि जाताना आपल्यालाच "फार कमी रद्दी निघते हल्ली तुमच्याकडे" असं ऐकवून जातो. मी भाव विचारत नाही, घरच्या वजनकाट्यावर गठ्ठा आधीच तोलून ठेवतो. त्याचा काटा तेव्हापासून सुधारलाय.

किकस्टार्ट

स्कूटरबद्दल मी. शोरूममधला सेल्समन हा तुमच्या डिस्कमध्ये कायम आयच असतो, त्याला तसा नेमलेलाच असतो. त्याच्या आवडी-निवडीत शिरू नका. ऑनरोड किमतीचा कागद मागा आणि ओळ न् ओळ बघा.

एक्स-शोरूम किंमत आणि आरटीओचा कर-नोंदणी, यात त्याला हलायला फार जागा नाही. विम्याच्या ओळीवर थांबा. १ सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचं कोटेशन फोनवर दाखवलं की त्यांचा आकडा बहुतेक वेळा खाली येतो. मग 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक' अशी एक ओळ असते. हे कशाचे, पावती मिळेल का, एवढंच विचारा आणि थांबा. गजकात्री म्हणाले तसं, पुढचं वाक्य आपण बोलायचं नाही. सीट कव्हर, मॅट, गार्ड यांचं पॅकेज गळ्यात मारतील. नको असेल तर नको म्हणा, हे सगळं नाना पेठेत मिळतं. हेल्मेट मात्र सोडू नका, नव्या दुचाकीबरोबर ते देण्याची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियम १३८मध्ये आहे.

गाडी कुठल्या महिन्यात तयार झाली ते विचारा. गेल्या वर्षीचा माल उभा असेल तर तिथे खरी सूट निघते. महिनाअखेरीला टार्गेट अडलेलं असतं, तेव्हा जा. पाडवा-दसऱ्याला दारात गाडी हवी म्हणून गेलात तर तुमचा स्वभाव कसाही असला तरी रांगेतच उभे राहाल.

रानवारा

एक शंका. तुम्ही सगळे गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिताय. पाकीटबंद मालावर एमआरपी असते, त्यापेक्षा जास्त घेता येत नाही पण कमी घ्यायला कोणाची ना नाही. तरी वाण्याकडे पाच किलोच्या तेलाच्या डब्यावर कोणी भाव करत नाही. ऑनलाइन मात्र कूपन शोधत रात्र घालवतो. तिथे समोर माणूस नाही म्हणून लाज वाटत नाही, असं असेल का?

सुमनकाकू

रानवारा, वाण्याला महिन्याची यादी एकदम द्यायची आणि म्हणायचं, "एकूण बघून काय ते करा." तो वरचे सोडतो. एकेका डब्यावर विचारलंस तर त्यालाही राग येतो आणि मिळतही नाही.

अबोली

सगळ्यांना धन्यवाद. ठरवलंय ते असं. सोन्याला सुमनकाकूंचा टक्क्यांचा प्रश्न पाठ केलाय. स्कूटरला जाऊबाईंना नेणार, त्या शोरूमच्या माणसाला वाक्य पुरं करू देत नाहीत. (ट्रेनरबाईंच्या भाषेत डी. आमच्या घरात वेगळा शब्द आहे, तो इथे लिहीत नाही.) पडद्याला मी आणि नवरा दोघं जाणार, पण आवडलेलं दुकानात बोलायचं नाही, खुणेसाठी मी पर्सची चेन लावणार.

गजकात्री, एकच विचारायचंय. शिलाईचा भाव कापड पसंत करायच्या आधी विचारायचा की नंतर?

गजकात्री

पसंत करून झाल्यावर विचारा, पण ताग्याला कात्री लागायच्या आधी. शिलाई पडद्यामागे किती, अस्तर धरून की वेगळं, रिंगा आणि फिटिंग कोणाचं, हे सगळं कच्च्या बिलावर लिहून घ्या आणि मग एकूण रकमेवर बोला. कापलेलं कापड कोणी परत घेत नाही.

माप खिडकीचं आणू नका, रॉडचं आणा. खिडकीच्या दोन्ही बाजूंना रॉड थोडा पुढे जातो आणि गिऱ्हाईक तेच विसरतं. उंची रॉडपासून मोजा, जमिनीपर्यंत हवा की खिडकीच्या खाली थोडासा, ते घरीच ठरवून या. आणि शनिवारी संध्याकाळी येऊ नका. तेव्हा गर्दीत कोणाशीच कोणी भाव करत नाही.

चेनची खूण चांगली आहे. पण नवऱ्याकडे बघून लावू नका, पोरं ते लगेच हेरतात.